पाचूबंदरला तारे हवेत!

मिशलिन ही टायर बनवणारी कंपनी. १९०० साली तिने मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली. लोक गाडीने लांब जातील, टायर झिजतील, असा व्यापारी हिशेब. पुढे तिने हॉटेलांना तारे वाटले. तीन तारे म्हणजे मुद्दाम प्रवास करून जावे असे ठिकाण. वसईत टायर झिजवायला ताऱ्यांची गरज नाही, ते काम रस्ते फुकट करतात. त्यामुळे वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्याचा ताऱ्यांवरचा अर्धा हक्क इथेच सिद्ध होतो.

उरलेला अर्धा फ्रान्सच्या मार्सेल बंदराकडून घेऊ. तिथल्या कोळ्यांनी न खपलेल्या खडपी मासळीचा रस्सा केला, बुयाबेस. गरिबाचे जेवण महागले, तशी त्याला अब्रू आली. १९८० मध्ये तिथल्या हॉटेलवाल्यांनी त्याची सनदच लिहिली: अमुक जातींचे मासे हवेत, ते गिऱ्हाइकासमोरच कापावेत, रस्सा वेगळा वाढावा.

गिऱ्हाइकासमोर मासा कापणे ही चैन असेल, तर आमच्या कोळीणबाई रोज सकाळी पंचतारांकित सेवा देतात. वर घासाघीस केल्याबद्दल चार शब्दही सुनावतात, त्याचे वेगळे बिल नाही.

जबड्यात जबडा अडकवून बांबूवर वाळत टाकलेल्या बोंबलांच्या वासाने नाक मुरडणारे पाहुणे मुंबईत त्याच बोंबलाचा इवलासा तुकडा मोठ्या पांढऱ्या बशीत पाहून डोळे मिटतात. बिल आल्यावर उघडतात.

तेव्हा पाचूबंदरला तारा मिळवायचा उपाय एकच: मासळी तीच, मसाला तोच, फक्त बशी मोठी करा आणि पोट भरणार नाही याची काळजी घ्या.