सासर पोम्पेई, माहेर बहुधा तेर

धाराशिव जिल्ह्यातला माणूस परदेशी विमानतळावर उतरला की बॅगेच्या आधी त्याचं गाव हरवतं. तेरमध्ये तो अमक्या आळीचा असतो, धाराशिवात तेरचा, पुण्यात धाराशिवचा (‘म्हणजे उस्मानाबादच ना?’ हे 2023 पासून चालू आहे, एवढ्यात थांबायचं नाही), आणि काचेआडच्या साहेबापुढे पासपोर्ट सरकवताना तो एकदम मुंबईजवळचा होऊन जातो. चारशे किलोमीटर म्हणजे जवळच की.

डोळे चुरचुरतात, पाय सुजून चपलेत मावत नाहीत, आणि पोटाला अजून रात्र की सकाळ याचा पत्ता नसतो. अशा वेळी साहेब विचारतो, कशाला आलात? मुलानं फोनवर घोकून घेतलेलं एक इंग्रजी वाक्य असतं, तेवढं म्हणायचं. पण आपल्या माणसाला एका वाक्यात उत्तर द्यायची सवय नाही. त्याच्या मनातलं उत्तर सोयाबीनच्या राशीपासून सुरू होतं: रास झाली, हरभरा पेरला, म्हटलं आता थंडीत जाऊन यावं. पिशवीत कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कुंथलगिरीचे पेढे असतात, ते साहेबानं उघडून बघू नयेत एवढीच तुळजाभवानीला विनंती.

या वाटेनं आपणच पहिले निघालो असं मात्र समजू नये. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये त्याचा पत्ता दिलेला आहे: भरूचपासून पैठण वीस दिवस, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं नगर. तिथलं जाडंभरडं आणि तलम असं दोन्ही कापड गाड्यांत भरून, धड वाटा नसलेल्या मुलखातून भरूचला येतं, असंही तो नोंदवतो. रस्त्यांबद्दलचं हे निरीक्षण आमच्याकडे बरंच टिकून राहिलं. नगर तेवढं टिकलं नाही. पुढे तर तगर नेमकं कुठलं हेच विद्वानांना सापडेना. कुणी देवगिरी म्हणालं, कुणी जुन्नर. शेवटी 1901 साली फ्लीटसाहेबांनी तेरवर बोट ठेवलं.

याच मुलखातली म्हणून सांगितली जाणारी एक बाई इटलीत आहे. हस्तिदंताची, वीतभर उंचीची, दोन्ही बाजूंना एकेक दासी. 1938 साली पोम्पेईच्या उत्खननात ती सापडली. तिच्यासारख्या हस्तिदंती मूर्ती तेरला आणि जालन्याकडच्या भोकरदनला मिळाल्या, म्हणून माहेर इकडचं असावं असा अंदाज. पण तिच्यावर खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर आहे, आणि ती लिपी पार वायव्येकडची. त्यामुळे काही अभ्यासक तिला तिकडची मानतात. मी तेरच्या बाजूनं आहे, यात शास्त्र थोडं आणि जिल्ह्याचा अभिमान जास्त. अक्षराचं काय, एजंटानं उत्तरेकडून तिकीट काढलं असेल.

तिचा प्रवास भरूचमार्गे झाला असं धरलं, तर तिचे हाल आपल्यापेक्षा थोर होते. महिनाभर बैलगाडी. भरूचला वारा फिरायची वाट बघायची, कारण जहाजं निघत ती पावसाळा सरल्यावर, ईशान्येचे वारे धरून. म्हणजे तीही साधारण आपल्या हरभऱ्याच्या पेरणीनंतरच निघाली असणार. समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रावरचं बेरेनिके बंदर, तिथून कॉप्टोसपर्यंत उंटावर बारा दिवस, तेही उन्हाच्या भीतीनं बहुतेक रात्रीचे. मग नाईलमधून होडीनं अलेक्झांड्रिया. रोमन जकातवाले पूर्वेकडच्या मालावर चौथा हिस्सा कापून घेत. आपल्या पेढ्यांवर अजून तरी ही वेळ आलेली नाही. प्लिनी नावाचे एक गृहस्थ एवढ्यावरही समाधानी नव्हते. हिंदुस्थान दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी कुरकुर त्यांनी लिहून ठेवली आहे. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस फुटला, त्यात प्लिनी गेले आणि बाईही त्याच राखेखाली गाडली गेली.

पोचल्यावर तिचं काय झालं? डोक्यात भोक आहे, त्यावरून ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या छोट्या मेजाचा पाय. इतक्या लांब जाऊन नोकरी ही अशी. वर नाव मिळालं ‘पोम्पेई लक्ष्मी’. ती लक्ष्मी आहे की यक्षी यावर एकमत नाही, पण लग्नात तांदळात नवं नाव लिहून मोकळं व्हावं तसं झालं, आडनाव सासरचं. अंगावर दागिने मनगटापासून कोपरापर्यंत, वस्त्र मात्र जवळजवळ नाहीच. तगरचं कापड जगभर जात होतं आणि बाई ही अशी गेली! नेपल्सच्या संग्रहालयानं तिला ‘गुप्त दालना’त ठेवलं, शृंगारिक वस्तूंच्या शेजारी. तेरच्या आजीबाईंना हे कळलं तर त्या आधी एक लुगडं पाठवतील.

उलट दिशेनंही येणं होतंच. भरूचला इटलीची दारू उतरे, काच, पोवळी, आणि राजासाठी चांदीची भांडी अन् गाणारी मुलं. त्या मुलांना भरूचच्या धक्क्यावर कुणी ‘कशाला आलात’ असं विचारलं नसेल, ते एक बरं. उत्तर त्यांच्या हातात नव्हतं.

तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात जाऊन या. इथल्या कारागिरांनी रोमन नाण्यांवरून मातीची पदकं पाडली, गळ्यात घालायला कडी ठेवून. रोममध्ये ज्याच्या नावानं माणसं थरथरत, तो बादशहा तेरणेच्या काठी पोचला तो भाजक्या मातीचा, दोऱ्यात ओवलेला. गोरोबाकाकांच्या आधी हजारेक वर्षं इथला कुंभार बाजारात ती पदकं मांडून बसला असेल. एखाद्या बाईनं घासाघीस करून त्यातलं एक घेतलं असेल, आणि हा नाकेला कोण म्हणून विचारलं असेल. कुंभारानं दिलं असेल ठोकून, ‘आहे कुणी सावकार, भरूचजवळचा.’