वेड्यांचा आठवडा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडची जुनी शिकवण आहे. २८ जानेवारी २०१७ च्या शनिवारी रात्री न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टाबाहेर ऐन हिवाळ्यात शेकडो माणसे उभी होती. आत चाललेल्या खटल्याशी त्यांतल्या बहुतेकांचा काडीचाही संबंध नव्हता. कुणी बोलावले नव्हते, मिळायचे काही नव्हते. शहाणपणाच्या कुठल्याही मापाने ही माणसे वेडी ठरतात. मला या वेड्यांची स्तुती करायची आहे, आणि ती मनापासून.

आदल्या दिवशी, अध्यक्षपदाचा पहिला आठवडा पुरा होताना, डोनाल्ड ट्रम्प यांनी एका आदेशावर सही केली होती. इराण, इराक, लीबिया, सोमालिया, सुदान, सीरिया आणि येमेन या सात देशांच्या नागरिकांना ९० दिवस प्रवेश बंद. निर्वासितांना आसरा देण्याची योजना १२० दिवस स्थगित, सीरियाच्या निर्वासितांसाठी तर बेमुदत. आदेश तत्काळ लागू झाला. त्या वेळी कितीतरी माणसे खिशात वैध व्हिसा घेऊन विमानात बसलेली होती. अमेरिकेत उतरल्यावर त्यांना विमानतळावरच अडवण्यात आले. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर अडकलेल्यांत एक इराकी दुभाषा होता. त्याने आपल्या देशात जिवावर उदार होऊन अमेरिकी सैन्याची साथ केली होती.

अशा वेळी शहाणा माणूस काय म्हणतो? नव्या अध्यक्षांना थोडा वेळ द्या. ते निवडून आले आहेत, प्रचारात बोलले तेच करत आहेत. कायदा काय म्हणतो ते सोमवारी बघू. आणि आपला देश यादीत आहे कुठे? यातले एकही वाक्य खोटे नाही. लोकमतही शहाण्यांच्याच बाजूला झुकलेले होते. त्याच आठवड्यातल्या रॉयटर्स-इप्सॉस पाहणीत ४९ टक्के अमेरिकनांना आदेश मान्य होता, ४१ टक्क्यांना अमान्य. म्हणजे वेडे अल्पमतात होते. ते त्यांनी मोजून पाहिले नाही, हा त्यांचा पहिला गुण.

पहिला मान वकिलांचा. वकील म्हणजे घड्याळाकडे बघून बोलणारा आणि तासाचे पैसे मोजून घेणारा माणूस. तो शनिवारी, आमंत्रण नसताना, फुकट विमानतळावर जातो, ही चांगल्या धंद्याची लक्षणे नव्हेत. जेएफकेच्या चार नंबरच्या टर्मिनलमध्ये वकील फरशीवर लॅपटॉप मांडून बसले. तुमचे कुणी आत अडकले आहे का, असे हाताने लिहिलेले कागद धरून ते उभे राहिले. दुभाष्याच्या सुटकेचा अर्ज रातोरात लिहिला गेला, त्याला येल विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांचे हात लागले, आणि शनिवारी पहाटे तो कोर्टात दाखलही झाला. सोमवारपर्यंत थांबणाऱ्या शहाण्यांच्या हिशोबात एक गोष्ट राहून गेली होती: परतीच्या विमानात बसवलेल्या माणसाला सोमवारच्या न्यायाचा उपयोग नसतो.

त्याच संध्याकाळी न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने सहा ते सात या वेळात जेएफकेवरून प्रवासी घेणे थांबवले. गुजरातेत जन्मलेल्या भैरवी देसाई या संघटनेच्या प्रमुख. शहरातले बरेचसे टॅक्सीवाले परदेशातून आलेले, त्यांत मुसलमान पुष्कळ. गाडीचे भाडे आणि हप्ते डोक्यावर असलेल्या माणसाने शनिवारच्या संध्याकाळचा धंदा सोडायचा, तोही विमानतळावरचा, याला व्यवहारात मूर्खपणा म्हणतात. पण त्या एका तासाने शहराला सांगितले, की तुम्हाला रोज घरी पोचवणारी माणसे या आदेशाकडे कुठल्या नजरेने पाहतात.

पाच दिवसांनी येमेनी दुकानदारांची पाळी आली. न्यूयॉर्कच्या कोपऱ्याकोपऱ्यावरची, दूध-पाव-सिगारेटची, अनेकदा रात्रंदिवस उघडी असणारी दुकाने त्यांची. २ फेब्रुवारीला दुपारी बारा ते रात्री आठ अशी हजाराच्या आसपास दुकाने बंद राहिली. मालक ब्रुकलिन बरो हॉलसमोर जमले आणि उघड्यावर, लोकांदेखत, त्यांनी नमाज पढली. शहाण्या परदेशस्थाला पहिल्या दिवसापासून शिकवतात: मान खाली, काम चोख, नाव कशातच नको. ज्यांचा देश यादीत होता, ज्यांची बायकामुले अजून पलीकडे अडकली होती, त्यांनी नेमकी ती शिकवण त्या दिवशी गुंडाळून ठेवली.

खुर्चीतल्या वेड्यांनाही वगळता येत नाही. सॅली येट्स न्यायखात्यात २७ वर्षे काढलेल्या, तेव्हा हंगामी ॲटर्नी जनरल, म्हणजे त्या खात्याच्या प्रमुख. नवे मंत्री थोड्याच दिवसांत येणार होते. तेवढे दिवस गप्प बसले, की निरोप समारंभ आणि सन्मान ठरलेला. ३० जानेवारीला त्यांनी खात्याला लिहून कळवले, की कोर्टात या आदेशाचे समर्थन करू नये. त्याच रात्री त्यांना काढण्यात आले. दोन वर्षांपूर्वी सिनेटमध्ये त्यांची नेमणूक तपासताना एका सदस्याने विचारले होते, की अध्यक्षांनी गैर काही करायला सांगितले तर नाही म्हणाल का? त्या हो म्हणाल्या होत्या. प्रश्न विचारणारे जेफ सेशन्स हेच ते येऊ घातलेले नवे मंत्री. अशी उत्तरे द्यायची असतात, पाळायची नसतात, असे मानणारे शहाणे सगळ्याच देशांत भेटतात. येट्सबाईंनी उत्तर पाळले. परराष्ट्र खात्यातल्या हजारभर अधिकाऱ्यांनीही असहमतीच्या पत्रावर सह्या केल्या. पटत नसेल तर चालते व्हा, असे व्हाइट हाउसच्या प्रवक्त्यांनी जाहीरपणे सुनावले.

आता शहाण्यांच्या सगळ्यात आवडत्या वाक्याकडे येतो: आपला देश यादीत नाही. भारत यादीत नव्हता. पुण्या-हैदराबादहून गेलेल्या मुलांच्या आईवडिलांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि त्यात अनैसर्गिक काही नव्हते. २२ फेब्रुवारीला कॅन्ससमधल्या ओलेथ गावी एका बारमध्ये दोन भारतीय इंजिनिअरांवर, माझ्या देशातून चालते व्हा, असे ओरडत एकाने गोळ्या झाडल्या. एक गेला, एक जखमी झाला. मारेकऱ्याने नंतर दुसऱ्या एका गावात सांगितले, की आपण दोन इराणी माणसांना मारले. आदेशामुळे हे घडले, असे मी म्हणत नाही. पण यादी करणारे पासपोर्ट पाहतात आणि द्वेष करणारे पाहत नाहीत, हे त्या रात्री कळले. तिथे आणखी एक वेडा होता, एक गोरा अमेरिकन तरुण. मारेकऱ्याच्या गोळ्या संपल्या असे समजून तो त्याच्यावर धावून गेला आणि स्वतः जखमी झाला. त्याचाही देश कुठल्याच यादीत नव्हता.

मग या वेडेपणाने साधले काय? शनिवारी रात्रीच ब्रुकलिनच्या त्या कोर्टात न्यायाधीश ॲन डॉनेली यांनी अडकलेल्यांना परत पाठवण्यास मनाई केली. दुभाषा त्याआधीच बाहेर आला होता. ३ फेब्रुवारीला सिॲटलमध्ये न्यायाधीश जेम्स रॉबार्ट यांनी आदेशाला देशभर स्थगिती दिली. रॉबार्ट हे ट्रम्प यांच्याच पक्षाच्या जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या काळात नेमलेले, म्हणजे विरोधी पक्षाचे म्हणून त्यांना झटकण्याची सोय नव्हती. तरी अध्यक्षांनी त्यांना तथाकथित न्यायाधीश म्हटले. ९ फेब्रुवारीला अपील कोर्टाच्या खंडपीठातल्या तिन्ही न्यायाधीशांनी एकमताने स्थगिती कायम ठेवली.

शेवटी शहाणे जिंकले, हेही सांगितले पाहिजे. दोनदा बदललेल्या बंदीची तिसरी आवृत्ती सुप्रीम कोर्टाने २६ जून २०१८ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी वैध ठरवली. २०२१ मध्ये जो बायडन यांनी ती रद्द केली, आणि जून २०२५ मध्ये ट्रम्प यांनी आणखी लांब यादी काढली. पण ती पहिल्या आदेशाशेजारी ठेवून वाचावी. तिने हाती असलेले व्हिसे रद्द केले नाहीत, ग्रीन कार्डवाल्यांना धक्का लावला नाही, आदेश लागू व्हायला काही दिवसांची मुदत होती. २०१७ च्या पहिल्या कागदावर यातले काहीच धड नव्हते. ही सूट सरकारला आपणहून सुचली नाही. त्या आठवड्यात कोर्टाकोर्टांत झालेल्या अडवणुकीतून ती कायद्याच्या भाषेत शिरली. ज्या सरकारला अडवता येत नाही, त्याला निदान नीट लिहायला लावता येते, आणि त्या नीट लिहिण्यात हजारो कुटुंबे वाचतात.

वेड्यांचा हिशोब लांब मुदतीचा असतो. १९४२ मध्ये जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत हलवण्याचा हुकूम फ्रेड कोरेमात्सु या तरुण वेल्डरने पाळला नाही. १९४४ मध्ये तो सुप्रीम कोर्टात हरला. २०१८ च्या ज्या निकालपत्रात बंदी वैध ठरली, त्याच निकालपत्रात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी कोरेमात्सुविरुद्धचा निकाल दिला त्याच दिवशी चुकीचा होता असे नोंदवले. ७४ वर्षे लागली.

म्हणून माझे मागणे साधे आहे. नव्या सत्ताधाऱ्याच्या पहिल्या आठवड्यात, मग तो वॉशिंग्टनचा असो की दुसऱ्या कुठल्या राजधानीचा, वेळ द्या असे सांगणारे भरपूर भेटतील. त्यांचे ऐकावे, ते पुष्कळदा बरोबर असतात. पण अडकलेला माणूस अजून विमानतळावर असतानाच पोचणारी, यादीत आपले नाव नसतानाही पोचणारी थोडी वेडी माणसे प्रत्येक समाजाने जपली पाहिजेत. ती संकटाच्या दिवशी अचानक उगवत नाहीत. आपल्या घरातले मूल शनिवारची सुट्टी सोडून दुसऱ्या कुणासाठी धावायला निघाले, तर त्याला शहाणपण शिकवायला बसू नये. गाडीभाडे द्यावे.