नासावाले काका

कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंतच्या कोणत्याही गृहसंकुलात, शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात पाऊल टाकताच यजमानांची विचारपूस बाजूला ठेवून कोपऱ्यातल्या कुंडीकडे पाहत हळहळणारे जे काका आढळतात, त्यांचा परिचय करून देण्याची गरज नाही. त्यांच्या ज्ञानाचा उगम मात्र सांगायला हवा, कारण तो थेट अमेरिकेच्या अंतराळ संशोधन संस्थेत, म्हणजे नासात, आहे. बिल वूल्व्हर्टन यांनी नासासाठी केलेल्या आणि १९८९ साली अहवालरूपाने मांडलेल्या प्रयोगांत, बंदिस्त पेटीत ठेवलेल्या शोभेच्या झाडांमुळे बेंझीन, फॉर्माल्डिहाइड यांसारखी बाष्पशील सेंद्रिय संयुगे, म्हणजे रंग, प्लायवूड, द्रावके यांतून खोलीच्या हवेत मिसळणारी रसायने, कमी झाल्याचे दिसले आणि त्यात मुळांभोवतीच्या मातीतल्या सूक्ष्मजीवांचाही हात असल्याचे आढळले. पेटी बंदिस्त होती आणि आपल्या घराला दारे-खिडक्या असतात, हा बारकावा काकांपर्यंत पोहोचला नाही. पोहोचले ते नासाचे नाव.

तेव्हापासून नासाला विश्रांती नाही. पीस लिली आणि स्नेक प्लांट नासाच्या यादीत होते, हे खरेच. परंतु तुळस आणि काकूंनी डब्यात लावलेला ओवा यांनाही काकांनी परस्पर नासाची मान्यता देऊन टाकली आहे, आणि कुंडीत शेणखत किती घालावे हेही ते नासाच्याच हवाल्याने सांगतात. स्नेक प्लांट रात्रभर प्राणवायू सोडतो, असे सांगून त्यांनी तो उशाशी ठेवला आहे. वास्तविक ही वनस्पती आपली पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, मुख्यतः रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवते, पण प्राणवायू तयार होण्यासाठी तिलाही उजेडच लागतो. दिल्लीचे कमल मित्तल यांनी २००९ च्या एका व्याख्यानात माणशी खांद्याएवढे चार अरेका पाम सुचवल्याचे कळताच, काकांनी चौघांच्या कुटुंबासाठी सोळाचा हिशेब मांडला, आणि काकूंचा कपडे वाळवायचा स्टँड जिन्यात गेला. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्याच ड्रेक्सेल विद्यापीठातील कमिंग्ज आणि वॉरिंग यांनी जुन्या प्रयोगांची फेरतपासणी करून, ही रसायने घालवण्यात नेहमीच्या वायुविजनाची, म्हणजे हवेच्या ये-जा होण्याची, बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे लागतील, असे दाखवून दिले. एका भाचीने हे वाचून दाखवले, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "ड्रेक्सेल म्हणजे काही नासा नव्हे."

तरीही झाडे जगवण्याच्या बाबतीत या गृहस्थांना तोड नाही, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. घरातली बहुतेक झाडे पाण्यावाचून नव्हे, तर पाण्याच्या लाडाने मुळे कुजून मरतात, हे ते जाणतात. म्हणून कोणाच्याही कुंडीत बोट पेरभर खुपसायचे, ओल लागली तर घरधन्याकडे रागाने पाहायचे, ओल्या फडक्याने पानांवरची धूळ पुसायची आणि देठाच्या बेचक्यात कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसलाच तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने तो टिपून काढायचा, हा त्यांचा क्रम ठरलेला असतो. गावाला जाणारी कुटुंबे त्यांच्याकडे किल्ली ठेवून जातात, आणि परत आल्यावर त्यांची झाडे जाताना होती त्याहून तजेलदार असतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या एकट्या आजींना त्यांनी पीस लिली भेट दिली. आजींच्या खिडक्या कबुतरांच्या भीतीने कायम बंद, आणि आत उदबत्तीबरोबर डासांच्या कॉइलचाही धूर. झाडाला उजेड हवा म्हणून काकांनी कुंडी खिडकीशी ओढली, गंजलेली कडी तेल घालून सैल केली, स्वखर्चाने जाळी बसवून घेतली आणि सकाळ-संध्याकाळ तावदान उघडण्याची आजींना सक्त ताकीद दिली. दर पंधरवड्याला ते "झाड बघायला" जातात, चहा घेतात, आजींच्या गोळ्यांची पाकिटे उलटी करून तारखा पाहतात आणि तासाभराने निघतात. आजींना हल्ली मोकळा श्वास घेता येतो, ही वार्ता काकांनी संकुलाच्या व्हॉट्सॲप गटावर पीस लिलीच्या छायाचित्रासह प्रसिद्ध केली असून, तिचे सर्व श्रेय नासाला दिले आहे. खिडकीचा त्यात उल्लेख नाही.