तिपाईचा तिसरा पाय

आमच्या कोडोलीत लग्न ठरलं की आधी हॉल बघायचा, मग प्री-वेडिंगला पन्हाळा गाठायचा. नवरदेव भाड्याच्या शेरवानीत, नवरी पायरीपायरीला अडकणाऱ्या गाऊनमध्ये, आणि मागनं खांद्यावर स्टँड टाकून फोटोग्राफर पोरगं. घोडं पेंड खातं ते त्या स्टँडपाशी. पुरातत्त्व खात्याचे नियम १९५९ चे. हातात कॅमेरा धरून फोटो काढा, कुणी हटकत नाही. तोच तिपाईवर ठेवला की परवानगी आणा. म्हणजे दोन पायांवरचा माणूस हौशी आणि तीन पायांवरचा कॅमेरा धंदेवाईक. तेही तीन दरवाज्यासमोर! खिशातला मोबाइल आता अख्खा सिनेमा काढतो, पण त्याला पाय नाहीत, म्हणून तो निष्पाप.

गडच कशाला? वर्ध्यात पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून एकावर थेट १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा लावला होता. हेरगिरीचा, बरं का! ठाणं ही काही ‘निषिद्ध जागा’ नव्हे, हे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला सांगावं लागलं.

आणि परवाना काढून तरी काय होतं? पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर भन्साळींच्या ‘पद्मावती’चा सेट उभा होता. मार्च २०१७ मध्ये रात्री जमाव आला आणि सेट पेटवून गेला. त्यांच्याकडं तिपाई नव्हती.