खळ आणि खूळ

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "भिंतीला कागद? भिंत म्हणजे काय वही आहे कव्हर घालायला?"

प्रश्न रास्त होता. डोंबिवलीतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर. जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि दसऱ्याला कपाट उघडावं तर चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी. अशा हवेत भिंतीला कागद चिकटवायचा, आणि तो चिकटवायला खास माणूस बोलावून त्याला मजुरी मोजायची, याला शहाणपण कुणी म्हणणार नाही. खूळच आहे ते. त्या खुळाची बाजू मांडायला मी बसले आहे, आणि ती मी मनापासून मांडणार आहे.

शहाणी माणसं रंग काढतात. दोन हात मारले की पाच वर्षं भिंतीकडे बघायला नको. हे 'बघायला नको' मला खरोखर खटकतं. आपण आयुष्यातला केवढा तरी काळ चार भिंतींत काढतो आणि त्या नजरेआड व्हाव्यात एवढीच आपली त्यांच्याकडून अपेक्षा असते. पूर्वी असं नव्हतं. वारली पाड्यांवर लग्न ठरलं की गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जायचा. तो पुसट होणार हे लिहिणाऱ्या बायकांना ठाऊक असायचं, म्हणून काही त्यांचा हात आखडत नसे. मेणवलीत नाना फडणविसांच्या वाड्यातल्या भिंतींवर चित्रं काढली, तीही वाईच्या पावसात. टिकणार नाही हे माहीत असून भिंत सजवणं हे आपल्याकडे काही आज आलेलं नाही.

आधी आम्ही शहाणपणही करून पाहिलं होतं. माझ्या भावाने बेडरूमला मागे चिकट असलेला, सोलून लावायचा कागद आणला आणि एका रविवारी लावून टाकला. मजुरी वाचली. जुलैत एका रात्री तो सगळा कागद वरून गुंडाळी होत खाली आला. मागच्या बाजूला हात फिरवला तर पांढरी पूड. कागद जुन्या डिस्टेंपरच्या भुकटीला चिकटला होता, भिंतीला नव्हे. दुकानदाराने भिंत कसली आहे, वर काय लावलंय, हे विचारलंसुद्धा नव्हतं. भावाची दिवसभराची मेहनत अशी गेली याचं मला फार वाईट वाटलं. हॉलची भिंत जाणत्या माणसाच्याच हाताने करायची, असं मी तेव्हाच ठरवलं.

कागद लावणारे कारागीर आले श्रावणात. पन्नाशी ओलांडलेले, खेडकडचे, तीस वर्षं हेच काम. मी त्यांना दादा म्हणू लागले, ते मला ताई. मला पश्चिमेची भिंत करायची होती, कारण दारातून आत आलं की तीच समोर दिसते. आणि गणपतीच्या आधी करायची होती. दादांनी कागदाचं नावही काढलं नाही. बोटांच्या पेरांनी त्यांनी भिंत ठोकायला सुरुवात केली, कलिंगड बघतात तशी. तीन ठिकाणी आवाज पोकळ आला. तिथे प्लास्टरने भिंत सोडली होती. मग हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि उद्या येतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतून बारीक थेंब धरले होते.

"ही भिंत पाऊस पिते, ताई. हिला कागद लावला तर पाणी आतल्या आत राहील. वरून छान दिसेल, मागे काळं पडेल." मग हॉल आणि बेडरूम यांच्यामधल्या आतल्या भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "ही करा. आणि आत्ता नाही. दिवाळी झाल्यावर."

हातातलं काम तीन महिने पुढे ढकलणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला. अशा माणसाला मजुरी देणं हा खुळेपणा असेल तर तो मी दर वर्षी करेन.

त्यांचं म्हणणं किती खरं होतं हे मला पुढे वाचताना कळलं. कार्ल शील या रसायनशास्त्रज्ञाने 1775 साली मोरचूद आणि सोमल यांच्यापासून एक हिरवा रंग काढला. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या घरोघरी त्या हिरव्याचे कागद लागले.  ओल्या खोलीत त्यांच्या मागच्या खळीवर बुरशी धरायची आणि ती बुरशी सोमलाचा वायू सोडायची. बार्तोलोमेओ गोसिओ या इटालियन वैद्याने 1890च्या दशकात हे दाखवून दिलं.  आता कागदात सोमल नसतो, पण व्हिनायलच्या कागदामागे अडकलेली ओल आणि तिच्यावरची बुरशी आजही तीच आहे. दादांनी गोसिओचं नाव ऐकलेलं नाही. त्यांना प्लास्टिकचा तुकडा पुरतो.

मोरचूद म्हटलं की मला आईची खळ आठवते. शाळेच्या पुस्तकांना कव्हरं घालताना ती मैद्याची खळ शिजवायची आणि किडे लागू नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायची. निळसर, कोमट, गुळगुळीत खळ. दादांची खळ आता पुड्यातून येते, गार पाण्यात भुकटी भुरभुरत ढवळायची आणि फुलू द्यायची. पण गुठळी राहू नये म्हणून बादलीत फिरणारा त्यांचा हात थेट माझ्या आईचा होता.

मग रोलांचा हिशोब निघाला. घरात खरी वादावादी झाली ती इथे. भिंत बारा फूट रुंद, नऊ फूट उंच, म्हणजे 108 चौरस फूट. रोल एकवीस इंच रुंद आणि तेहेतीस फूट लांब, साधारण 58 चौरस फुटांचा. आमच्या घरच्या इंजिनियरांनी, म्हणजे ह्यांनी, क्षणात सांगितलं, दोन रोल, वर थोडा उरेल. दादा म्हणाले, तीन.

"मजुरी रोलवर आहे ना, म्हणून तीन," हे मला आत येऊन म्हणाले.

दादांनी ऐकलं असावं. काही न बोलता त्यांनी एकवीस इंचांची पट्टी घेतली आणि भिंतीवर पेन्सिलने खुणा करत गेले. खुणा सात पट्ट्यांच्या झाल्या, सातवा थोडा कापून. मग रोल उलगडून दाखवला. त्यावरची वेल आणि पक्षी दर पंचवीस इंचांनी पुन्हा येतात. शेजारच्या पट्ट्यावर पक्ष्याची चोच आणि शेपूट जुळायची तर प्रत्येक पट्टा पाच पूर्ण नक्षींचा, म्हणजे 125 इंचांचा काढावा लागतो. वरखाली कापायला जागा ठेवायची ती त्यातच. एका रोलमधून असे तीनच निघतात. दोन रोलांत सहा. सातवा पट्टा चौरस फुटांच्या हिशोबात होता, भिंतीवर नव्हता. आणि तो नंतर आणावा म्हटलं तर छपाईचा बॅच बदलतो, हिरवा रंग एक छटा इकडेतिकडे जातो. म्हणून तिन्ही रोलांवरचे नंबर एकाच वेळी जुळवून घ्यायचे. ह्यांनी तिथेच दादांची माफी मागितली. मला त्याचा अभिमान वाटला.

तिसऱ्या रोलमधून एकच पट्टा कापला गेला. उरलेले साडेबावीस फूट माळ्यावर आहेत. शहाण्यांच्या लेखी तो तोटा आहे.

या कागदापायी माणसांनी काय काय केलं आहे! इंग्लंडमध्ये 1712 साली छापील कागदावर कर बसला आणि तो 1836पर्यंत चालला; तर लोक कोरा कागद भिंतीला लावायचे आणि लावून झाल्यावर त्यावर स्टेन्सिलने नक्षी उठवायचे. आल्सासमधल्या रिक्सहाइम गावच्या झ्युबेर कारखान्याने 1807च्या सुमारास 'हिंदुस्थान' नावाचा एक कागद काढला. टॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी 1786 ते 1793 या काळात आपल्याकडे फिरून जी चित्रं केली, त्यांवरून तो बेतला होता. वीस पट्टे शेजारी शेजारी लावले की खोलीभर आपली देवळं, घाट, हत्ती आणि झाडं. त्यासाठी हजाराहून अधिक लाकडी ठसे कोरले होते. एका खोलीसाठी हजार ठसे! ते कोरणाऱ्या अनामिक हातांपुढे मी खरंच नतमस्तक आहे. आणि आपला देश फ्रान्समधल्या कुणाच्या बैठकीत वीस पट्ट्यांनी उभा राहत होता तेव्हा ते पट्टे जुळवणारा एखादा दादा तिथेही असणारच.

नोव्हेंबरात काम झालं. आदल्या आठवड्यात आतल्या भिंतीचा जुना रंग खरवडला, तिच्याही पोकळ जागा फोडून भरल्या, पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर. भिंत तळहाताला कागदासारखी लागेपर्यंत ते घासत होते, आणि आता हिच्यावर कागद कशाला, असं माझ्या मनात येऊन गेलं इतकी ती सुंदर झाली होती. लावायच्या दिवशी आधी ओळंबा सोडला. कोपऱ्याच्या भरवशावर पहिला पट्टा कधी लावत नाहीत. आमची भिंत वरपासून खालपर्यंत अर्धा इंच कललेली निघाली. अकरा वर्षं आम्ही तिच्याशेजारी राहत होतो आणि आम्हाला माहीत नव्हतं. कोपऱ्यावर विसंबलं असतं तर सातव्या पट्ट्यापर्यंत पक्षी उतरणीला लागले असते.

कागद खळीने ओला झाला की फुगतो, रुंदीला चिमूटभर वाढतो, आणि सुकताना आक्रसतो. म्हणून खळ लावलेला प्रत्येक पट्टा दोन्ही टोकांनी आत दुमडून ठेवायचा, आणि प्रत्येकाला सारखाच वेळ द्यायचा. एकाला पाच मिनिटं आणि दुसऱ्याला दहा असं झालं तर सुकल्यावर सांधे उघडतात. दादांच्या खिशात घड्याळ होतं, पण ते बघत नव्हते. मी बघत होते. दर वेळी सात मिनिटं. स्विचबोर्डाशी आले तेव्हा मेन बंद केला, प्लेट सैल केली, कागदावर फुलीचा काप देऊन कडा प्लेटखाली सरकवल्या. शेवटी रोलर सांध्यावरून, अगदी हलका, कारण जोर दिला तर खळ बाहेर येते आणि सुकल्यावर चकाकते.

"रात्रभर पंखा नको," जाताना म्हणाले. "वारा लागला की कडा आधी सुकतात आणि ओढतात."

त्या रात्री आम्ही सगळे घामात बसून वेलीकडे बघत होतो. सांधा कुठे आहे ते शोधत होतो. सासूबाईंनी चष्मा लावून शोधला, मग काढून शोधला.

यंदाच्या जुलैत दाराजवळचा एक सांधा बोटभर उघडला. दादांना फोन केला. भर पावसात आले, पिशवीतून इंजेक्शनची सिरिंज काढली, सुई सांध्यात घालून थेंब थेंब खळ सोडली, वर ओला स्पंज, मग रोलर. कडेचा सुपारीएवढा तुकडा फाटला होता, त्यासाठी माळ्यावरचा रोल उतरवला; पान पानाला जुळलं. पैसे घेत नव्हते, मी हातात कोंबले.

ते गेल्यावर उकाडा फार होता म्हणून मी बटणाकडे हात नेला, तर सासूबाई आतून ओरडल्या, "पंखा लावू नकोस गं! खळ ओली आहे अजून."