घाटमाथ्यावरच्या मालकीणबाई

जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ब्लॅक फॉरेस्ट आहे. त्याच्या माथ्यावरून बाडेन-बाडेन ते फ्रॉयडनश्टाट असा साठेक किलोमीटरचा एक रस्ता जातो. सरकारी दप्तरात त्याचं नाव बी ५००. उंची हजार मीटरच्या आसपास, दोन्ही अंगांना फर आणि स्प्रूसचं काळंशार जंगल, आणि रविवारी मोटारसायकलवाल्यांची ही झुंबड. एखाद्या वळणावर, रस्त्याला जवळजवळ खेटून, उतरत्या छपराचं एक मोठं लाकडी घर दिसतं. खिडकीत लाल जिरेनियम, दाराशी काळा फळा आणि फळ्यावर खडूनं लिहिलेला आजचा पदार्थ. हे गास्टहोफ. वर मुक्कामाच्या खोल्या, खाली जेवणघर, आणि या सगळ्याच्या वर मालकीणबाई.

मालकही असतात. ते स्वयंपाक करतात. भिंतीतल्या चौकोनी खिडकीतून ताट पुढे सरकवणारा एक हात दिसतो, तो त्यांचा. उरलेला माणूस पाहिल्याचं गिऱ्हाइकांपैकी फारसं कुणाला आठवत नाही.

मालकीणबाईंचं वय पंचावन्न आणि सत्तर यांच्या मधलं काहीही. केस आखूड, चष्मा साखळीनं गळ्यात, कमरेला एप्रन, आणि एप्रनखाली काळ्या चामड्याचं एक जाडजूड पाकीट. ब्लॅक फॉरेस्टच्या पोस्टकार्डांवर आणि हॅमच्या पाकिटांवर लाल गोंड्यांची टोपी घातलेली एक गोड मुलगी असते. पहिल्यांदा आलेला पाहुणा तिला शोधत असतो. वास्तविक ती टोपी गुटाख आणि शेजारची दोन गावं एवढ्यांचीच. लाल गोंडे कुमारिकांचे, काळे लग्न झालेल्यांचे. मालकीणबाईंना त्या टोपीबद्दल विचारलं, तर त्या कोपऱ्यातल्या क्रुसाकडे एक नजर टाकून म्हणतात, "ते खालच्या खोऱ्यातले. प्रोटेस्टंट." विषय संपला.

आत शिरल्यावर कुठेही बसा, अशी इथली रीत. फक्त शेगडीजवळच्या त्या गोल टेबलाशी नाही. फरशा बसवलेली ती हिरवी शेगडी, तिच्या उबेत भिंतीलगतचं बाकडं, आणि समोर खोलीतलं सगळ्यात मोठं टेबल. कुणीही बसलेलं नसतं. वर पितळेची एक छोटी पाटी असते. हे नेहमीच्या लोकांचं टेबल. ती चार म्हातारी माणसं संध्याकाळी पाचला येणार, पण टेबल दिवसभर त्यांचंच. आपल्याकडची सात माणसं आत आली, की डोळे झाकून तिथेच जातात, कारण सगळे एकत्र मावतात आणि आईच्या गुडघ्यांना ऊबही मिळते. मालकीणबाई काही बोलत नाहीत. येऊन नुसत्या उभ्या राहतात. आजवर त्या उभं राहण्यापुढे कुणी टिकलेलं नाही. सातजण मुकाट्यानं उठून दोन टेबलांवर विभागतात. त्यातल्या एका टेबलावर दोन खुर्च्या रिकाम्या राहतात, तिथे बाई कुठलं तरी अनोळखी ट्रेकर जोडपं आणून बसवतात. जोडपं नमस्कार करतं, जेवणभर एक अक्षर बोलत नाही आणि निघताना मात्र सगळ्यांचा इतक्या प्रेमानं निरोप घेतं, की सोयरीकच झाली असावी.

स्वयंपाकघर साडेअकराला उघडतं आणि दोनला बंद होतं. पुन्हा साडेपाचला सुरू, आठ-साडेआठला शेवटची ऑर्डर. दोन वाजून पाच मिनिटांनी आलेल्या माणसाला केक मिळतो. तो उपाशी असला तरी केक, त्याला मधुमेह असला तरी केक. आठवड्यातून एक दिवस, कुठे सोमवार तर कुठे मंगळवार, दार बंदच. नोव्हेंबरात तर मालकीणबाई स्वतःच सुट्टीवर जातात आणि दारावर अमुक तारखेपर्यंत बंद एवढाच कागद असतो. 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' वगैरे त्यात काही नसतं. गैरसोय तुमची, क्षमा त्यांनी का मागायची? परदेशात आल्यावर सगळंच अंगावर येतं म्हणणारे पुणेकर हा कागद वाचून एकदम सैलावतात, हे मी पाहिलेलं आहे.

केक अर्थातच ब्लॅक फॉरेस्टचा. आपल्या बेकऱ्यांत चॉकलेटचा कीस आणि वर एक लाल चेरी ठेवली की काम भागतं. इथे त्यात चेरीची दारू, कीर्शवासर, घालावीच लागते आणि ती चवीला स्पष्ट जाणवली पाहिजे, असं जर्मनीतल्या खाद्यपदार्थांच्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहून ठेवलंय. मालकीणबाई ते तत्त्व सढळ हातानं पाळतात. कोथरूडहून आलेल्या एक आजी तो केक अगदी मन लावून खात होत्या. "क्रीमला कसला तरी छान वास आहे गं," म्हणाल्या आणि सुनेच्या बशीतलाही अर्धा संपवला. सून नवऱ्याकडे बघत होती, नवरा खिडकीबाहेर बघत होता. आजींना त्या रात्री झोप फार छान लागली म्हणे.

आपली माणसं या घाटात इतकी कशी, तर त्याचं कारण स्टुटगार्ट. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. पण खरा संबंध मोटारींचा. पुण्या-पिंपरीचे इंजिनिअर तिथल्या कारखान्यांत नोकरीला असतात. उन्हाळ्यात त्यांचे आईवडील येतात, आणि आईवडिलांना शनिवारी डोंगर दाखवायचाच असतो. मालकीणबाईंच्या मते मात्र स्टुटगार्टहून आलेला प्रत्येक माणूस, मग तो चिंचवडचा का असेना, श्वाबियन, म्हणजे व्युर्टेम्बेर्गकडचा. आणि त्या स्वतः बाडेनच्या. बाडेन आणि व्युर्टेम्बेर्ग मिळून १९५२ साली एक राज्य झालं. मालकीणबाईंना तसं कळवण्यात आलेलं आहे, त्यांनी अजून मान्यता दिलेली नाही.

आता शाकाहाराचा अध्याय.

"आई शाकाहारी आहे," मुलगा जर्मनमध्ये सांगतो.

"काही हरकत नाही," बाई म्हणतात. "बटाट्याचं सॅलड."

"त्यात काय असतं?"

"बटाटे."

"आणि?"

"मांसाचं सूप. थोडंसं. त्याशिवाय ते लागायचं कसं?"

"मग हिरवं सॅलड?"

"त्यावर नुसते श्पेकचे तुकडे."

"श्पेक म्हणजे डुकराचं मांस ना हो?"

"बारीक चिरलेलं आहे," असं त्या समजुतीच्या सुरात सांगतात.

यात लबाडी अजिबात नसते. त्यांच्या जगात मांस म्हणजे ताटात जे आडवं पडलेलं दिसतं ते. बाकीची सगळी फोडणी. शेवटी चीज घातलेल्या श्पेट्झलेवर तडजोड होते. अंड्याच्या सैलसर पिठाच्या शेवया थेट उकळत्या पाण्यात सोडायच्या, मग त्यावर चीज आणि खमंग तळलेला कांदा. अंडं चालतं की नाही यावर टेबलाशी पाच मिनिटं मराठीत चर्चा होते. बाई पेन्सिल हातात धरून उभ्या. कांद्याचा वास आल्यावर अंडं चालतं, असं सहसा ठरतं.

माउलटाशनही मेनूवर असतात. पिठाच्या चौकोनी पुड्या, आत पालक आणि मांस. लेंटच्या उपवासात मांस खाता यावं म्हणून मठातल्या साधूंनी ते पिठात गुंडाळलं, म्हणजे वरून देवाला दिसणार नाही, अशी त्यांची दंतकथा. एकादशीला साबुदाण्याच्या डोंगरावर शेंगदाण्याचं कूट रचणाऱ्यांना ही कथा फार जवळची वाटते. मालकीणबाई माउलटाशन विकतात पण खात नाहीत. तो श्वाबियन पदार्थ.

पाणी मागावं तर बाई विचारतात, गॅसचं की बिनगॅसचं. दोन्ही बाटलीतलं, दोन्ही विकतचं. नळाचं पाणी मागितलंत तर त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी उमटते. गोळी घ्यायची आहे म्हणून सांगितलं, की एक छोटा ग्लास मिळतो. त्यामुळे आपल्याकडच्या कुटुंबांत जेवताना एकामागून एक सगळ्यांनाच गोळ्या आठवतात.

ताट आलं, की मालकीणबाईंचा मूळ स्वभाव कळतो. श्निट्झेल ताटाबाहेर लोंबत असतं. कायदा असा, की नुसतं 'वीनर श्निट्झेल' लिहिलं तर ते वासराचंच हवं. डुकराचं असेल तर 'वीनर पद्धतीचं' असं लिहावं लागतं. हे समजल्यावर आपल्याकडचे काका वीनर पद्धतीकडे वळतात. पण काकांपुढे छोटं श्निट्झेल येतं. बाईंनी कुणाला न विचारता त्यांना ज्येष्ठ नागरिकांचं ताट लावलेलं असतं. काका अठ्ठावन्नचे, केस काळे केलेले. अपमान गिळून ते जेवायला लागतात, आणि त्या छोट्या ताटातलाही एक तुकडा उरतोच. पोरांसाठी मात्र बाई एक रिकामं ताट आणि काटा-चमचा आणून ठेवतात. मेनूत त्याचं नाव दरोडेखोराचं ताट, किंमत शून्य युरो. पोरांनी आईबापांच्या ताटातून लुटून खायचं. आपल्या घरी हे रोजच चालतं, पण ते छापून आलेलं पाहिल्यावर पोरांना फार प्रतिष्ठा वाटते.

ताटात उरलेलं बाईंना सहन होत नाही. "आवडलं नाही?" हा प्रश्न त्या विचारतात, पण त्याला एकच उत्तर चालतं. उरलेला तुकडा चांदीच्या कागदात गुंडाळून तुमच्या हातात येतो, हवा होता का हे विचारायची पद्धत नाही. सदाशिव पेठेत मेस चालवणाऱ्या काकू जशा 'पोळी टाकलीस का रे?' म्हणत ताटावरून नजर फिरवायच्या, तीच ही नजर. इथे गिऱ्हाईक राजा नाही आणि अतिथी देवही नाही. तो कुणाचा तरी वाढत्या वयाचा मुलगा आहे आणि त्याला धड वळण लागलेलं नाही.

बिलाचा प्रसंग मात्र थांबून बघण्यासारखा. तुम्ही जितके ग्लास बिअर घेतलीत तितक्या रेघा बाईंनी तुमच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर ओढलेल्या असतात. ती चकती म्हणजे कायद्यानं दस्तऐवज. एखादी रेघ पुसलीत तर तो दस्तऐवजात फेरफार होतो, जर्मनीतल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण शिकवतात. बाई पाकीट उघडून विचारतात, "एकत्र की वेगवेगळं?" शेजारचं जर्मन टेबल वेगवेगळं सांगतं आणि प्रत्येकजण आपण काय खाल्लं ते शाळेत उभं राहिल्यासारखं म्हणून दाखवतो, नवरा-बायकोसुद्धा. आपल्या टेबलावर मुलगा आणि व्याही एकाच क्षणी उठतात. "अहो, मी देतो!" "छे छे, तुम्ही पाहुणे!" "आमच्याकडे काय येणार मग?" हाताला हात भिडतात, एक खुर्ची मागे पडते, चार म्हाताऱ्यांचं टेबल मान वळवून बघतं. भांडण चाललं आहे अशी त्यांची समजूत. बाई शांत. मुलगा कार्ड पुढे करतो, त्या मान हलवतात. फक्त रोख. मुलाकडे रोख नसते, जर्मनीत सहा-सात वर्षं राहून सुद्धा नसते. रोख युरो असतात ते व्याह्यांच्या आतल्या खिशात, पुण्याहून निघताना बदलून घेतलेले, पिन लावलेले. शहाऐंशी युरो चाळीस सेंट. व्याही मुलाकडून बक्षिशीचा हिशोब समजून घेतात आणि "नव्वद" म्हणतात. बाई बोटांनी पाकिटातले कप्पे चाळून सुटे परत देतात, डोळे मात्र मागच्या टेबलावर. त्यांच्या बेरजेत चूक झालेली मी पाहिलेली नाही.

त्या दिवशी सगळ्यांची ताटं स्वच्छ असतील, तर एक बाटली आणि बोटाएवढे ग्लास येतात. ही कीर्शवासर घरची. बाईंच्या चुलत भावाकडे छोट्या भट्टीचा परवाना आहे. अशा भट्टीवाल्याला वर्षाला तीनशे लिटर शुद्ध अल्कोहोलापर्यंत गाळता येतं. बाई स्वतःही एक ग्लास घेतात आणि दोन मिनिटं बसतात. मग कळतं, की त्यांचं कालमापन इसवी सनाप्रमाणे नसून लोथारप्रमाणे आहे. लोथार म्हणजे २६ डिसेंबर १९९९ चं वादळ. दुसऱ्या दिवशी बघावं तर समोरचं सगळं जंगल आडवं. "लोथारच्या आधी इथून दरी दिसत नव्हती," त्या सांगतात, जणू वादळानं खिडकी पाडून दिली. राष्ट्रीय उद्यानाचं नाव मात्र त्यांच्यापुढे काढू नये. २०१३ मध्ये इथल्या गावांनी मतदान घेऊन मोठ्या बहुमतानं नको म्हटलं, तरी २०१४ मध्ये ते झालंच. निर्णय स्टुटगार्टचा. म्हणजे पुन्हा श्वाबियन.

याच रस्त्यावरची मोठमोठी हॉटेलं, हुंड्सेक काय, ब्यूलरहोए काय, कधीच बंद पडली. मालकीणबाईंचं घर चालू आहे, कारण त्या वरच्याच मजल्यावर राहतात आणि पगार घेत नाहीत. मुलगा स्टुटगार्टला मोटार कंपनीत आहे. तो परत येणार नाही. त्याबद्दल त्या काही बोलत नाहीत, ग्लास उचलून नेतात.

तेव्हा त्या बाजूला जाणार असाल, तर लवकर जा. सोमवार-मंगळवार टाळा आणि दोनच्या आत पोचा. टेबल हवं असेल तर फोन करा, ईमेल त्या वाचत नाहीत. रोख पैसे न्या, निदान शंभर युरो, आणि ते मुलाकडे देऊन ठेवू नका.