वाढत्या अंगाचं

सातवीची वार्षिक परीक्षा संपली की भायखळ्यात दोन गोष्टी वाढतात. एक, सकाळच्या पेपरातून गळून पडणारी क्लासची पत्रकं. दोन, पालकांचा रक्तदाब. पोराला काही झालेलं नसतं. ते दुपारभर चाळीच्या गॅलरीत प्लास्टिकचा बॉल आपटत असतं. आई मात्र जिन्यात भेटेल त्याला सांगते, ‘‘यंदा आमची आठवी!’’ समोरचाही चेहरा असा करतो, जणू घरात कुणाचं ऑपरेशन निघालंय.

आठवी हा दहावीचा पाया, असं क्लासवाले सांगतात. पाचवी हा आठवीचा पाया होता, तेव्हाही त्यांनी हेच सांगून फी घेतली होती. आता त्यापुढची पायरी म्हणजे आयआयटीची ‘फाउंडेशन बॅच’, आठवीपासून. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नका, असं त्यांत स्वच्छ लिहिलंय. आठवीतलं पोर तेरा वर्षांचं. वजाबाकी सोपी आहे, पण बाप ‘हप्ते किती पडतील?’ या भागाकारात अडकलेला असतो.

मग येतो भाषेचा प्रश्न. संपूर्ण संस्कृत घ्यायचं, की अर्धं हिंदी-अर्धं संस्कृत? ज्या घरात रामरक्षेपलीकडे संस्कृत कधी गेलं नाही, त्या घरातही रात्री अकरापर्यंत खल चालतो. निकष एकच, ‘स्कोअरिंग’ काय? कालिदासाला वाचक मिळाले नाहीत तरी चालेल, टक्के मिळाले पाहिजेत. पोराला काय आवडतं, हे विचारायचं तेवढं राहून जातं.

एवढी धास्ती कसली? २०२५ चा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. म्हणजे दहावी पास होणं आता अवघड राहिलेलं नाही. पण त्याच निकालात २११ जणांना शंभर टक्के मिळाले, आणि शेजारणीचं पोर त्या २११ मध्ये जाईल, ही धास्ती. आपलं पोर पास होईल की नाही, ही काळजी आजोबांच्या पिढीबरोबर संपली.

त्या पिढीचंच बघा. एके काळी सातवीला व्हर्नाक्युलर फायनल असायची आणि ती पास झालेला माणूस शाळेत मास्तर म्हणून लागायचा. आता सातवी पास झालेल्याला रस्ता ओलांडायला आई लागते.

हे खोटं वाटत असेल, तर शाळेच्या वेळेला आंबेडकर रोडच्या कुठल्याही सिग्नलला उभे राहा. ओठांवर मिसरूड फुटू लागलेला एक मुलगा झपाझप चालतोय. त्याच्या मागे दहा पावलांवर आई, तिच्या खांद्यावर त्याचं दप्तर. मुलाने मान अशी वळवलीय, जणू ही बाई त्याच्या ओळखीचीच नाही.

‘‘आई, तू नको ना येऊस.’’

‘‘तुझ्यासाठी कोण येतंय? मी भाजीला निघालेय.’’

भायखळ्यातल्या आईला हे निमित्त बारा महिने पुरतं, कारण मंडई हाकेच्या अंतरावर. पिशवी मात्र ती घरीच विसरलेली असते. आणि शाळेच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत बापाचा फोन येतो, ‘‘तो नीट गेला ना? लोकेशन हलत नाहीये.’’ लोकेशन हलणार कसं? तो वर्गात बसलाय.

भायखळ्याच्याच राणीच्या बागेत २०१६ साली पेंग्विन आले. त्यांना मुंबईचा उकाडा सोसणार नाही म्हणून थंडगार काचेचा कक्ष बांधला. ते रास्तच होतं, पक्षी परमुलखातला. पण ते बघून आल्यापासून इथल्या आईबापांनी आपापल्या घरात तसलाच कक्ष उघडलाय, आणि आत ठेवलंय भायखळ्यातच जन्मलेलं पोर.

या गोंगाटात एक खरी धास्ती कुणाला ऐकू येत नाही. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपुरता, म्हणजे आठवीपर्यंतच. खासगी शाळेत पंचवीस टक्के राखीव जागांवर शिकलेलं पोर नववीत गेलं, की हातात फीची पावती पडते. पालिकेच्या कितीतरी शाळाही सातवी-आठवीला संपतात आणि पुढची शाळा शोधावी लागते. मंडईत पाट्या उचलणाऱ्या बापाला फाउंडेशन बॅच ठाऊक नाही. नववीचं दार उघडं राहील का, एवढंच त्याला विचारायचंय. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न येत नाही, कारण तो बाप त्या ग्रुपवर नाही. तिथे सध्या वह्यांच्या कव्हरच्या रंगावर चर्चा चालू आहे.

अनेक शाळांत याच सुमारास हाफ पँट जाऊन फुल पँट येते. गणवेशाच्या दुकानात बाप ठासून सांगतो, ‘‘वाढत्या अंगाची द्या.’’ दुकानदार खाली चांगली चार बोटं दुमड ठेवतो. आज पँट बुटावर लोळते, पण दहावीपर्यंत पोर उंच होणार याची बापाला खात्री असते. हाच बाप घरी येऊन वेळापत्रक आखतो. सहा ते सात गणित, सात ते साडेसात नाश्ता आणि पाढे, मग शाळा, क्लास, गृहपाठ, उजळणी. त्यात बोटभरही दुमड नाही. अंग वाढणार हे आपल्याला कळतं, माणूसही वाढणार हे कळत नाही.

तेव्हा आठवीच्या पालकांनो, सुट्टी आहे तोवर एवढं करा. पोराला एकदा बेस्टच्या बसने एकट्याला दादरला पाठवा, आणि परत येईपर्यंत फोन करू नका. भाषा कुठली घ्यायची, ते त्याला ठरवू द्या. दप्तर त्याच्या खांद्यावर द्या. आणि क्लासचा पहिला हप्ता भरण्याआधी शाळेत चौकशी करा, की यंदा नववीची फी कुणाला जड जातेय. तो पैसा तिथे जास्त उपयोगी पडेल.